मानेवर गार वारा येतोय? आधी डॅम्परला हात लावू नका

या अंकात सगळे प्रश्न चिल्ड बीमचेच घेतलेत. पत्रं बरीच आली होती आणि बहुतेकांची तक्रार फिरून एकाच जागी येत होती. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. छतात बसवलेली लांबट पेटी असते, तिच्यात थंड पाणी फिरणारी कॉइल असते. अ‍ॅक्टिव्ह बीम असेल तर एएचयूकडून, म्हणजे हवा गाळून-गार करून पाठवणाऱ्या मोठ्या मशीनकडून, आलेली ताजी हवा, म्हणजे प्रायमरी एअर, बारीक नोझलमधून जोरात सुटते, ती खोलीतली हवा कॉइलमधून वर ओढून घेते आणि दोन्ही मिळून बाजूच्या स्लॉटमधून छताला लागून बाहेर पडतात. बीममध्ये स्वतःचा पंखा नसतो, सगळं काम नोझलच्या जोरावर चालतं. बीमकडे किती ताजी हवा जाऊ द्यायची ते डक्टमधली झडप ठरवते, तिला डॅम्पर म्हणतात.

प्रश्न: आमच्या ऑफिसात खिडकीपासून दुसऱ्या रांगेत बसणाऱ्या दोघींना मानेवर सतत गार वारा लागतो. मेंटेनन्सवाल्यांनी त्यांच्या डोक्यावरच्या दोन बीमचे डॅम्पर बरेचसे बंद केले. थोडे दिवस बरं गेलं, आता वारा परत लागतोय, आणि वर बाकीचे म्हणतात कोंदट वाटतं. आता पूर्ण बंद करू का? (फॅसिलिटी बघणारी एक वाचक)

नका करू ताई. उलट ते डॅम्पर आधी होते तिथे परत न्या, मग पुढचं बोलू.

हवा किती येते आणि ती अंगावर किती वेगाने लागते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चिल्ड बीममध्ये त्या वेगवेगळ्याच अ‍ॅडजस्ट करायच्या असतात. डॅम्पर हा पहिल्या गोष्टीसाठी आहे. तो तुम्ही दुसऱ्या गोष्टीसाठी वापरलात की दोन्ही बिघडतात, आणि तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

आकड्यात बघा. समजा तुमच्या बीमचा के फॅक्टर, म्हणजे प्रेशरवरून हवा काढायचा लेबलवरचा गुणक, २ आहे. नोझलच्या मागच्या पेटीत, म्हणजे प्लेनममध्ये, १०० पास्कल प्रेशर असेल तर हवा येते २ गुणिले १०० चं वर्गमूळ, म्हणजे २० लिटर पर सेकंद. डॅम्पर दाबून प्रेशर ३६ वर आणलं की हवा राहिली १२ लिटर. एवढ्यावर भागत नाही, १०० पास्कलला नोझलमधून हवा साधारण १३ मीटर पर सेकंदाने सुटते, ३६ ला ती ८ च्याही खाली येते, म्हणजे खोलीतली हवा ओढायची ताकद पण कमी झाली. कॉइलमध्ये पाणी मात्र तेवढंच गार आहे. मग काय होतं, थोडी हवा कॉइलवरून सावकाश जाते, जास्त गार होते, आणि स्लॉटमधून बाहेर पडताना तिच्यात जोर नसतो. जोर असला तर झोत छताला चिकटून लांब जातो, वाटेत खोलीच्या हवेत मिसळतो आणि खाली येईपर्यंत मवाळ होतो, छताला चिकटण्याच्या या प्रकाराला कोआन्डा इफेक्ट म्हणतात. जोर नसला की तो अर्ध्या वाटेत छत सोडतो आणि थेट खाली पडतो, खाली कोण बसलंय ते न बघता. म्हणून हवा कमी करूनही वारा परत लागायला लागला. आणि ताजी हवाच कमी झाल्यामुळे बाकीच्यांना कोंदट.

मग मूळ तक्रार कशामुळे होती? दुसऱ्या रांगेचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, दोन बीम एकमेकांना समांतर असतील तर त्यांचे झोत समोरासमोर येऊन मधोमध धडकतात आणि तिथून खाली उतरतात. म्हणजे सगळ्यात जास्त वारा बीमच्या खाली नसतो, दोन बीमच्या मध्ये असतो. दुसरी शक्यता खिडकीची. काच तापली की काचेला लागून गरम हवा वर चढते आणि खिडकीकडे निघालेला झोत उलटा खोलीच्या आत ढकलते, मग खिडकीजवळचा माणूस मजेत आणि आतला कुडकुडतोय असं होतं. त्यामुळे “डोक्यावरचा बीम” हाच गुन्हेगार धरायचा नाही. एक स्मोक ट्यूब घ्या, स्लॉटच्या तोंडाशी धूर सोडा आणि तो जातो कुठे ते शांतपणे बघा. इतकी साधी गोष्ट आहे पण ती न करताच लोक स्क्रू फिरवायला लागतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात भरडला जातो तो खाली बसलेला माणूस.

नंतर वेग मोजा. पंख्याचा अ‍ॅनेमोमीटर इथे चालत नाही, इतक्या कमी वेगाला तो नीट फिरतच नाही. सगळ्या दिशांनी मोजणारा, गरम गोळीचा प्रोब लागतो. बसलेल्या माणसासाठी जमिनीपासून ०.१, ०.६ आणि १.१ मीटर उंचीवर मोजायचं, म्हणजे घोटा, कंबर आणि मान. प्रत्येक जागी ३ मिनिटांची सरासरी घ्यायची कारण वारा सारखा कमीजास्त होत असतो, एका क्षणाचं रीडिंग काहीच सांगत नाही. आणि मोजायचं ते माणसं बसलेली असताना, कॉम्प्युटर चालू असताना. रात्री रिकाम्या ऑफिसात मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही, माणसांची आणि मशीनची जी उष्णता वर जाते ती झोताला वाकवते आणि रात्री ती नसतेच.

आकडा किती चालेल? आयएसओ ७७३० या आंतरराष्ट्रीय मानकात ड्राफ्ट रेटचं, म्हणजे किती टक्के लोकांना वारा टोचेल त्याचं, सूत्र आहे, त्यात हवेचं तापमान, वेग आणि वाऱ्याची अस्थिरता तिन्ही धरतात. २४ डिग्रीला, अस्थिरता ४० टक्के धरली, तर ०.१५ मीटर पर सेकंदाला साधारण १३ टक्के लोकांना वारा टोचेल, ०.२ ला १९ टक्के, ०.२५ ला २५ टक्के, ०.३ ला ३२ टक्के. तेच ०.२ तापमान २२ असताना घेतलं तर २३ टक्क्यांवर जातं. यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे वेगात ०.०५ चा फरक सुद्धा माणसाला कळतो, तेव्हा तुमच्या दोघींना “उगाच तक्रार करतात” म्हणू नका. दुसरं, थर्मोस्टॅट २२ वर असेल तर २४ करून बघा, तक्रार तेवढ्यानेच थोडी कमी होऊ शकते आणि त्याला शिडी पण लागत नाही.

यानंतर शिडी. बऱ्याच बीममध्ये स्लॉटच्या आत छोट्या पात्या असतात, त्या हाताने तिरक्या करता येतात. सगळ्या सरळ असल्या की झोत एकसंध, लांब जाणारा. मधून दोन्हीकडे पसरवल्या की झोत पंख्यासारखा फाकतो, पल्ला कमी होतो, समोरच्या बीमच्या झोताशी धडक पण मवाळ होते. स्वेगॉनच्या बीममध्ये याला एडीसी म्हणतात, इतर कंपन्यांची नावं वेगळी. हॅल्टनच्या व्हेलॉसिटी कंट्रोलमध्ये वेगळी युक्ती आहे, तिथे खोलीतून ओढली जाणारी हवा त्या तेवढ्या भागापुरती थ्रॉटल करता, म्हणजे अडवून कमी करता येते, प्रायमरी एअर आहे तशीच राहते. दोन्ही प्रकारात के फॅक्टर बदलत नाही, शेजारच्या बीमचं बॅलन्सिंग, म्हणजे हवेची जुळवलेली वाटणी, हलत नाही, ताजी हवा कमी होत नाही. ओढलेली हवा थ्रॉटल केली तर कूलिंग थोडं जातं, ते मान्य करून चालायचं. त्या दोघींच्या बाजूच्या भागापुरतंच करा, अख्ख्या बीमला करू नका, आणि केल्यावर परत मोजा. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम हलवल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

आणि हे सगळं करूनही नाही जमलं तर बीमवर लोड जास्त टाकलाय का बघा. लांबीच्या मीटरमागे २५० वॉट कूलिंगपर्यंतचा बीम साधारण सुखाने चालतो, ३५० च्या पुढे गेलं की माणसांच्या डोक्यावर वारा आवरणं अवघड होत जातं. तिथे पात्या फिरवून भागणार नाही, बीमची लांबीच वाढवावी लागते.

प्रश्न: कमिशनिंगच्या (सिस्टीम सुरू करताना तपासण्याच्या) वेळी आम्ही फ्लो हूड, म्हणजे तोंड झाकून हवा मोजणारं उपकरण, लावला. डिझाइन २० लिटर पर सेकंद, हूडने एकदा २४ दाखवलं आणि दुसऱ्यांदा त्याच बीमला ७० च्या वर. हूड खराब आहे का? (टीएबी, म्हणजे हवा मोजून बॅलन्स करणाऱ्या टीममधला वाचक)

हूड चांगला असेल, जागा चुकीची आहे. अ‍ॅक्टिव्ह बीम हवा मधून आत घेतो आणि बाजूने बाहेर सोडतो, दोन्ही एकाच तोंडाला. हूडने अख्खं तोंड झाकलं की आत घेतलेली हवा हूडच्या आतच गोल फिरते आणि मीटरला फक्त प्रायमरी दिसते, तीही बिघडलेली. नुसता स्लॉट झाकला की प्रायमरी अधिक ओढलेली अशी एकूण हवा दिसते, आणि ओढलेली हवा प्रायमरीच्या तिप्पट वगैरे सहज असते. म्हणून तुमचे दोन्ही आकडे आलेत, आणि दोन्ही रिपोर्टमध्ये लिहिण्याच्या लायकीचे नाहीत.

बीमला प्रेशर टॅप असतो, छोटी नळी आणि तिला टोपी. टोपी काढा, मॅनोमीटरची (प्रेशर मोजायच्या मीटरची) नळी लावा, प्लेनमचं प्रेशर घ्या, वर्गमूळ काढून के फॅक्टरने गुणा, झालं. फक्त के कुठल्या युनिटमधला आहे ते लेबलवर नीट वाचा. लिटर पर सेकंदाचा २ म्हणजे घनमीटर पर तासाचा ७.२, तोच बीम, तेच प्रेशर. दोन कॅटलॉग मिसळून अख्खा मजला चुकीचा बॅलन्स होऊ शकतो. साइटवर कोणी नोझल बदलले किंवा काही प्लगने बंद केले असतील तर जुना के पण गेला, नवीन के लेबलवर मार्करने लिहून ठेवा, पुढचा माणूस दुवा देईल.

अजून एक, प्रेशर वर्गाने चालतं हे सतत डोक्यात ठेवा. १०० च्या जागी ८१ पास्कल आले तर घाबरू नका, हवा फक्त १० टक्के कमी आहे. उलट प्रेशर निम्मं झालं तरी हवा ७० टक्के येते. ब्रँचवर नेहमीसारखंच करायचं, सगळ्यात कमी टक्केवारी मिळणारा बीम, जो बहुतेक वेळा टोकाचा असतो, त्याचा डॅम्पर पूर्ण उघडा ठेवायचा, बाकीचे त्याच्या टक्केवारीला आणायचे आणि मग ब्रँचचा मेन डॅम्पर किंवा फॅन हलवून सगळ्यांना एकदम डिझाइनवर न्यायचं. डॅम्पर बीमच्या अगदी तोंडाशी असेल तर रीडिंग पण नाचतं आणि आवाज पण येतो, मध्ये डक्टचा सरळ तुकडा हवाच.

प्रश्न: मीटिंग रूम २४ चौरस मीटर, ८ खुर्च्या, दिवसातला बराच वेळ रिकामी. मीटिंग असेल तेव्हाच बीमची हवा दुप्पट करता येईल का? (एचव्हीएसी डिझाइन करणारी वाचक)

त्याच बीमची, त्याच नोझलमधून, दुप्पट नाही होणार. दुप्पट हवेला चौपट प्रेशर लागतं, १०० चं ४०० पास्कल. तेवढं डक्टमध्ये नसतं, आणि असलं तरी नोझल इतके शिट्ट्या मारतील की मीटिंग होणार नाही.

उलट्या बाजूने विचार करा. बीम भरलेल्या खोलीसाठी निवडा, समजा १२० पास्कलला, आणि रिकामी असताना व्हीएव्ही डॅम्परने, म्हणजे हवा आपोआप कमीजास्त करणाऱ्या डॅम्परने, ३० पास्कलला आणा, हवा बरोबर निम्मी. त्याच्या खाली जाऊ नका. आणि वर सांगितलं तसा गार झोत पडू नये म्हणून हवा कमी केली की पाण्याचा व्हॉल्व्ह पण सेन्सरने बंद होऊ द्या. दुसरा रस्ता म्हणजे काही बीममध्ये नोझलशिवाय एक वेगळी झडप असते, ती उघडली की जास्तीची प्रायमरी हवा तिथून येते आणि नोझलचं प्रेशर आहे तिथेच राहतं. ती मोटरने सीओटू सेन्सरला जोडता येते. किंवा सरळ एक वेगळा डिफ्यूझर (छतातलं हवेचं तोंड) द्या, तो फक्त मीटिंगच्या वेळी उघडेल. मला स्वतःला हा शेवटचा उपाय सगळ्यात आवडतो, कारण त्याने बीमच्या वेगाला हातच लागत नाही.

पण त्याआधी हवा किती हवी ते नक्की करा, इथे बऱ्याच जणांचा हिशोब अर्धाच असतो. अ‍ॅश्रे ६२.१ या अमेरिकन मानकाने माणशी २.५ आणि चौरस मीटरला ०.३ लिटर धरलं तर तुमच्या खोलीला २७ लिटर पर सेकंद पुरतात. युरोपच्या ईएन १६७९८ मधल्या कॅटेगरी २ ने, माणशी ७ आणि चौरस मीटरला ०.७, तोच आकडा ७३ वर जातो. आता घामाचा आणि श्वासाचा ओलावा बघा. बसलेला माणूस तासाला अंदाजे ५५ ग्रॅम ओलावा सोडतो, ८ माणसं ४४०. बीमची कॉइल कोरडी चालते, ती यातला एक थेंबही काढत नाही, सगळा प्रायमरी हवेनेच न्यायचा. २७ लिटरमध्ये हे बसवायचं तर दर किलो हवेमागे पावणेचार ग्रॅम उचलावे लागतात, म्हणजे खोली २४ डिग्री आणि ५० टक्के ठेवायला एएचयूने हवा साडेपाच डिग्रीच्या ड्यू पॉइंटला (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं पाणी व्हायला लागतं) द्यायला हवी. नेहमीच्या चिल्ड वॉटरच्या एएचयूकडून ते होत नाही. ७३ लिटर असतील तर साडेदहाच्या आसपास ड्यू पॉइंट चालतो, ते जमण्यासारखं आहे. तेव्हा तुमच्या खोलीत हवेचं प्रमाण ठरवणारी गोष्ट ओलावा आहे, कोडचा किमान आकडा नाही.

प्रश्न: कूलिंग कमी पडतंय म्हणून ऑपरेटरने बीमच्या पाण्याचं तापमान १५ वरून ११ केलं. आता काही बीममधून टेबलावर पाणी टपकतंय. हवेचा जोर वाढवला तर कॉइल कोरडी होईल का? (एक वाचक)

नाही होणार, पाणी आत्ताच्या आत्ता परत १५ वर न्या. २४ डिग्री आणि ५० टक्के आर्द्रतेला ड्यू पॉइंट १३ च्या जवळ असतो, ६० टक्क्यांना तो १६ च्या जवळ. म्हणजे ११ ला टपकणारच, आणि कोणी खिडकी उघडी ठेवली तर १५ ला पण टपकू शकतं, म्हणून खिडकीला कॉन्टॅक्ट (खिडकी उघडी असल्याचं कळवणारा स्विच) आणि पाईपवर कंडेन्सेशन सेन्सर असावा, व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे. जोर वाढवलात तर खोलीतली ओली हवाच कॉइलवर जास्त जाईल. कूलिंग का कमी पडतंय ते वेगळं शोधा, आधी प्लेनमचं प्रेशर, मग पाण्याचा फ्लो. पाणी फार कमी असेल तर नळीत ते संथ वाहतं आणि उष्णता घेईनासं होतं. दोन्ही ठीक असेल तर या अंकातलं शेवटचं उत्तर वाचा.

प्रश्न: आमच्याकडे पॅसिव्ह बीम आहे, टेबलाच्या बरोबर वर. गार हवा सरळ डोक्यावर पडते. याचा हवेचा डॅम्पर कुठे असतो? (एक वाचक)

नसतोच. पॅसिव्ह बीमला हवेचं कनेक्शन नाही, कॉइलवरची हवा गार होऊन जड होते आणि खाली पडते, एवढंच. त्यामुळे तिचा वेग कमी करायचा म्हणजे कूलिंग कमी करायचं, पाण्याचा व्हॉल्व्ह थोडा बंद करा किंवा पाणी एखादी डिग्री गरम करा. पण खरं सांगू का, टेबल सरकवा. जाण्यायेण्याच्या वाटेवर पॅसिव्ह बीम उत्तम चालतो, माणसाच्या डोक्यावर नाही.

प्रश्न: बीम बसवून बरीच वर्षं झाली. प्लेनमचं प्रेशर डिझाइनइतकंच आहे, पाणी बरोबर आहे, तरी खोली पूर्वीसारखी थंड होत नाही. (सोसायटीच्या ऑफिस ब्लॉकचं काम बघणारे वाचक)

खालची जाळी उघडून कॉइलवर टॉर्च मारा. कापडाचे, कागदाचे बारीक तंतू फिन्सवर (कॉइलच्या पातळ पत्र्यांवर) बसून मऊ राखाडी थर झालेला असेल. नोझल त्या कॉइलच्या मागे, वेगळ्या पेटीत आहेत, त्यांच्यातून एएचयूची फिल्टर झालेली हवा येते, त्यामुळे टॅपवरचं प्रेशर अगदी बरोबर दिसतं. घटलेली असते ती खोलीतून ओढली जाणारी हवा, आणि ती कुठलाच गेज दाखवत नाही. एकूण हवा कमी म्हणून झोत पण लवकर पडतो, तेव्हा “थंड होत नाही” आणि “वारा लागतो” या दोन्ही तक्रारी एकाच बीमखाली येऊ शकतात.

व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून फिन्सच्या दिशेने साफ करा, आडवा ब्रश मारलात तर फिन्स वाकतील. पाण्याचा फवारा नको. ऑफिसात कार्पेट असेल किंवा कागदाचं काम जास्त असेल तर वर्षातून एकदा तरी जाळी उघडून बघा, एरवी थोड्या वर्षांनी चालतं. आणि मधल्या काळात कोणी नवीन पार्टिशन उभं केलंय का तेही बघा, भिंत स्लॉटच्या जवळ आली असेल तर झोत तिच्यावर आपटून सरळ खाली येतो, तिथे त्या बाजूच्या पात्या पसरवून भिंतीपासून वळवाव्या लागतील, किंवा त्या बाजूचे काही नोझल प्लग करून हवा दुसऱ्या बाजूला द्यावी लागेल. नोझल प्लग केलेत तर नवीन के लेबलवर लिहायला विसरू नका, आणि डॅम्पर परत जुळवून घ्या.